चेहऱ्याला लावण्यापूर्वी

(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या सभेत केलेले भाषण)



वर्धापनदिनाला कुणीतरी घरच्या उपयोगाचे चार शब्द बोलावेत असा आपला शिरस्ता आहे. मागे उन्हाळी कामांवर झाले, बचतीवर झाले, मुलींच्या शिक्षणावर झाले. यंदा कार्यवाह बाईंनी मला विषय दिला तो साजशृंगाराचा. माझे शिक्षण सातवीपर्यंत. तेव्हा औषधांची लांबलचक नावे घेताना जीभ अडखळली तर सांभाळून घ्यावे. पण विषय आरशापुढच्या फळीवरचाच आहे, आणि तेवढ्याला सातवी पुरते असे मला वाटते.

प्रथमच सांगते की, नटण्याविरुद्ध बोलायला मी उभी राहिलेली नाही. बाईने कुंकू लावावे, काजळ घालावे, मेंदी काढावी, मोहटादेवीच्या यात्रेत हातभर बांगड्या भराव्यात. वर्षभर राबणाऱ्या जिवाला तेवढी हौस हवीच. माझे म्हणणे एवढेच, की भाजीवाल्याकडची मेथी आपण जुडी सोडून पाहतो, ज्वारी तळहातावर घेऊन दाताखाली चावून पाहतो, मग जी वस्तू रोज कातडीत मुरवायची ती डोळे मिटून का घ्यावी?

एक खरी हकीकत सांगते. ती जानेवारी २०२३ मध्ये वर्तमानपत्रांत आली होती. अकोल्याची एक वीस वर्षांची मुलगी, कॉलेजात विज्ञान शिकणारी. तिने गावातल्याच एका ब्यूटीपार्लरवालीकडून चेहरा उजळण्याचे मलम घेतले. चेहरा खरोखरच उजळला. येणारेजाणारे वाखाणू लागले. ते पाहून तिची आई आणि थोरली बहीणही तेच मलम लावू लागल्या. २०२२ सालच्या मध्यापर्यंत तिघींच्याही मूत्रपिंडांना, म्हणजे ज्याला आपण किडनी म्हणतो त्यांना, आजार जडला. एका घरातल्या तिघींना एकाच वेळी एकच दुखणे कसे होते, हे कोडे डॉक्टरांना पडले. मुंबईच्या केईएम रुग्णालयात तपासण्या झाल्या, मलमही तपासले, आणि त्यात पारा सापडला. त्या मुलीच्या रक्तात पाऱ्याचे प्रमाण ४६ निघाले; ते ७ च्या खाली असायला हवे.

पारा आपल्याला नवा नाही. ताप पाहायच्या जुन्या काचेच्या नळीत असायचा तोच. नळी फुटली तर आपण पोरांना ओरडून लांब करत असू. तोच पारा मलमात कशाला, असा प्रश्न मलाही पडला. त्याचे कारण असे, की आपल्या कातडीत रंग तयार करणारे एक द्रव्य असते, त्याला मेलॅनिन म्हणतात. पारा ते द्रव्य तयार होऊ देत नाही. म्हणून पंधरा दिवसांत, तीन आठवड्यांत रंग उतरलेला दिसतो. इतक्या झटपट आणि इतक्या स्वस्तात ते काम होते म्हणून बनवणारे तो घालतात. पण पारा कातडीवर थांबत नाही. तो आत रक्तात जातो आणि मूत्रपिंडाच्या गाळणीला धरतो. गाळणी खराब झाली की अंगातले चांगले सत्त्व, ज्याला डॉक्टर प्रोटीन म्हणतात, ते लघवीवाटे वाहून जाते. मग लघवीला फेस येतो, सकाळी पापण्या सुजतात, पायांवर बोट दाबले तर खळगा राहतो. बाई म्हणते, काम जास्त झाले म्हणून सूज आली. मलमाकडे कुणाचेच लक्ष जात नाही.

अकोल्याचे ते एकच घर होते असे मात्र नाही. केरळात मलप्पुरम जिल्ह्यात कोट्टक्कल म्हणून गाव आहे. तिथल्या डॉक्टरांनी जुलै २०२१ ते सप्टेंबर २०२३ या काळात मूत्रपिंडाच्या एका विशिष्ट आजाराचे २२ रोगी पाहिले. त्यांपैकी १५ जणांचा आजार एका क्वचित दिसणाऱ्या प्रकारचा होता, आणि त्या १५ पैकी १३ जण गोरेपणाचे मलम वापरत होते. त्यातली समाधानाची गोष्ट अशी की, मलम बंद केल्यावर बहुतेकांचा आजार उतरणीला लागला. म्हणजे वेळेवर ओळखले तर हे संकट परतवता येते. केरळ सरकारने २०२३ साली ‘ऑपरेशन सौंदर्य’ या नावाची मोहीम काढून असला बेकायदा माल दुकानांतून जप्त करायला सुरुवात केली.

आपल्या देशात कायदा नाही असेही नाही. २०२० सालच्या सौंदर्यप्रसाधन नियमांप्रमाणे चेहऱ्याच्या मलमात मुद्दाम पारा घालता येत नाही. चुकून आलाच तर दहा लाख भागांत एक भाग, यापेक्षा जास्त चालत नाही. आपल्या मापात सांगायचे तर दहा क्विंटल बाजरीच्या ढिगात एक ग्रॅम मीठ. अकोल्याच्या मलमात हे प्रमाण हजारांच्या घरात होते. म्हणजे त्याच ढिगात किलोच्या मापाने मीठ. जपानात मिनामाता नावाचे गाव आहे. तिथे कारखान्याचा पारा समुद्रात जाऊन, मासे खाणारी कुटुंबेच्या कुटुंबे लुळी झाली. ते दुखणे १९५६ साली उघडकीला आले. त्या गावाच्या नावाने पाऱ्याविरुद्ध जगातल्या देशांनी २०१३ साली करार केला, आणि भारताने तो २०१८ साली मान्य केला. एवढे सगळे झाले तरी विनानावाची डबी आपल्या गावात येतेच. कायदा नगरला आणि मुंबईला असतो. उंबरठ्यावर आपणच असतो.

आता डबी ओळखायची कशी ते सांगते. हे नीट ध्यानात ठेवावे.

पहिली गोष्ट, बनवणाऱ्याचे नाव व पत्ता, परवाना क्रमांक, बॅच क्रमांक, बनवल्याची तारीख, कधीपर्यंत वापरावे ती तारीख आणि आत काय काय घातले त्याची यादी, एवढे डबीवर किंवा खोक्यावर छापलेले असले पाहिजे. परदेशी माल असेल तर आयात करणाऱ्याचे नाव आणि नोंदणी क्रमांक हवा. यातले काहीच नसेल, नुसते चित्र आणि ‘सात दिवसांत फरक’ एवढेच असेल, तर ती डबी फुकट मिळाली तरी घेऊ नये. दुसऱ्या मोठ्या डब्यातून काढून छोट्या डबीत भरून दिलेले, ‘आमचे स्वतःचे स्पेशल’ म्हणून दिलेले मलमही याच जातीचे.

दुसरी गोष्ट, यादी इंग्रजीत असते. घरातल्या शाळकरी पोरीकडून वाचून घ्यावी. मर्क्युरी, मर्क्युरिक, मर्क्युरस, कॅलोमेल असे कुठलेही अक्षर आले की समजावे पारा. मात्र खोटे बोलणारा यादीतही खोटेच लिहितो. म्हणून नाव दिसले नाही एवढ्यावर निर्धास्त राहू नये.

तिसरी खूण मला सर्वांत पटली. जागतिक आरोग्य संघटनेने ती सांगितली आहे. डबीवर लिहिलेले असते, किंवा देणारी तोंडी सांगते, की ‘सोन्याचांदीला लागू देऊ नका’. का बरे? कुठल्याही सोनाराला विचारा. सोन्याला पारा लागला की सोने पांढरे पडते. म्हणजे बनवणाऱ्याला आत काय आहे ते पक्के ठाऊक असते. भगिनींनो, जी वस्तू मंगळसूत्राला लागलेली चालत नाही, ती गालाला लावायची, आणि त्याच हाताने तान्ह्या लेकराला जवळ घ्यायचे, हे कोणत्या शहाणपणात बसते? पारा टॉवेलावरून, उशीच्या अभ्र्यावरून घरातल्या दुसऱ्यांनाही पोचतो. मलम न लावलेल्या लहान मुलांच्या अंगात तो सापडल्याची उदाहरणे आहेत.

पाऱ्याइतकेच दुसऱ्या एका मलमाचे सांगायला हवे, कारण ते तर मेडिकलच्या दुकानात मिळते. इसबासाठी डॉक्टर कधी कधी स्टेरॉइडचे मलम देतात. बेटामेथासोन, क्लोबेटासोल, मोमेटासोन अशी त्यांची नावे. ते चेहऱ्याला लावले की पहिले काही दिवस चेहरा कसा तुकतुकीत होतो! मग ते इसबाचे मलम गोरेपणाचे मलम होऊन घरोघर फिरते. काही महिन्यांनी कातडी कागदासारखी पातळ होते, लाल शिरा दिसू लागतात, पुटकुळ्या येतात, बाईच्या तोंडावर लव वाढते; आणि सोडायला जावे तर चेहऱ्याची आग होते, म्हणून पुन्हा तेच लावावे लागते. कातडीच्या डॉक्टरांनी याविरुद्ध बरीच ओरड केली, तेव्हा २०१८ साली सरकारने अशी चौदा औषधे चिठ्ठीशिवाय विकण्यास मनाई केली. तरी चिठ्ठी न मागणारा दुकानदार भेटतोच. ज्या भगिनी ते बरेच दिवस लावत असतील त्यांनी मनाने एकदम बंद करण्यापेक्षा डॉक्टरांना दाखवून बंद करावे.

आता आपल्या रोजच्या वस्तूंकडे येते. कुंकू हे मुळात हळदीचे. हळदीला चुन्याची संगत मिळाली की ती लाल होते, हे तर पूजेच्या ताटात आपण सगळ्याच पाहतो. शेजारच्या सोलापूर जिल्ह्यात, करमाळा तालुक्यात केम म्हणून गाव आहे, ते कुंकवासाठी नावाजलेले आहे. अशा हळदीच्या कुंकवावर लिंबू पिळले तर ते पुन्हा पिवळे पडते. लालच राहिले तर रंग हळदीचा नाही, काही तरी वेगळे आहे असे समजावे. मात्र या परीक्षेने रंग कशाचा एवढेच कळते. आत आणखी काही मिसळले असेल तर ते कळत नाही, त्याला प्रयोगशाळाच लागते. म्हणून कुंकूसुद्धा सुटे, बिननावाचे घेऊ नये.

शेंदूर मात्र निराळा. शेंदूर म्हणजे शिशाचे ऑक्साइड. मारुतीच्या आणि म्हसोबाच्या पाषाणाला तो शोभतो, पाषाणाला मूत्रपिंड नसते. माणसाच्या अंगात शिसे गेले की रक्त कमी होते, पोटात कळा येतात, आणि लहान मुलांच्या बुद्धीवर कायमचा परिणाम होतो. गरोदर बाईकडून ते पोटातल्या बाळाला पोचते. देवाला शेंदूर लावल्यावर हात साबणाने धुवावेत, पोरांच्या कपाळाला तो लावू नये. अलीकडे दूरचित्रवाणीवरच्या मालिका पाहून आपल्याकडच्या सुनाही भांगात सिंदूर भरू लागल्या आहेत. हौस असेल तर भरावा, पण तो शिशाचा नाही याची खात्री करून, पूर्ण पत्ता छापलेल्या डबीतला. यात्रेच्या पालावरचा नको.

टिकलीच्या पाठीमागे जो डिंक असतो त्यातल्या रसायनाने काही जणींच्या कपाळावर खाज सुटते आणि मग पांढरा डाग पडतो. तो डाग कोड म्हणून लोक बोट दाखवतात, आणि बाई तो झाकायला आणखी मोठी टिकली लावते! रात्री टिकली काढावी. खाज आली की त्या जातीची टिकली बंद करावी आणि डाग दिसताच डॉक्टरांना दाखवावे. काजळाचे सांगायचे, तर सुरम्याच्या काही जातींत शिसे असते, म्हणून सुटा सुरमा घेऊ नये. आणि तान्ह्या मुलाच्या डोळ्यात घरचे काजळही घालू नये. दृष्टीचीच भीती असेल तर तीट तळपायाला लावावी. मेंदीच्या पाल्याचा रंग केशरी-तांबडा चढतो आणि त्याला काही तास लागतात. जी मेंदी अर्ध्या तासात काळी कुळकुळीत होते तिच्यात केसांच्या कलपातले पीपीडी नावाचे रसायन असते. त्याने हातावर फोड येऊन व्रण राहिलेली नवरी कुणाला पाहवेल? कलप लावणाऱ्यांनीही कानामागे थेंबभर लावून दोन दिवस वाट पाहावी, मगच डोक्याला लावावा.

इथपर्यंत वस्तूंचे झाले. पण खरे अवघड आहे ते पुढे. आमच्या आळीत एका मुलीचे लग्न ठरत होते. तिच्याकडे अशीच एक डबी आली. वर नाव नाही, गाव नाही, आणि दागिन्यांना लावू नका अशी सूचना. मी तिच्या आईला हे सगळे समजावून सांगितले. तिने शांतपणे ऐकले आणि म्हणाली, “वहिनी, तुमचं सगळं खरं. पण पाहायला येणारी माणसं वाचून येत नाहीत, बघून जातात.” मला क्षणभर उत्तर सुचले नाही. तिच्या धाकट्या जावेने मुलीला सरकारी दवाखान्यात नेऊन लघवीची तपासणी करून आणली. सुदैवाने काही निघाले नाही, आणि डबी बंद झाली. महिन्या-दीड महिन्यात मुलीचा रंग पूर्ववत झाला. आईची काळजी मात्र गेलेली नाही, आणि ती जावी असे आपण सगळ्यांनी मिळून काय केले आहे?

आपला पाथर्डी तालुका कोरडवाहू. दिवाळीच्या सुमारास इथून किती कुटुंबे ऊसतोडीला बाहेर पडतात ते मी सांगायला नको. उन्हातान्हात मोळ्या वाहणाऱ्या बाईचा चेहरा रापणारच. ते रापणे म्हणजे कातडीने आपल्यावर धरलेली छत्री असते. उन्हाचा मारा आत जाऊ नये म्हणून अंग तो रंग तयार करते. पाऱ्याने तो रंग मारला म्हणजे आपल्याच हाताने छत्री मोडली. आणि अशा कष्टाच्या चेहऱ्याला ‘काळी’ म्हणणारे तोंड परके नसते. आत्या म्हणते, चुलती म्हणते, पाहण्याच्या कार्यक्रमात आपल्यातलीच एखादी ‘मुलगी चांगली आहे, पण जरा...’ असे म्हणून थांबते. १९७५ साली बाजारात आलेल्या ‘फेअर अँड लव्हली’ या मलमानेसुद्धा २०२० साली आपल्या नावातला गोरेपणाचा शब्द काढून टाकला. कारखानदार शब्द बदलू शकतो, तर आपण आपल्या ओसरीवरचा शब्द का बदलू नये?

आपल्यातील काही भगिनी पार्लर चालवतात. त्यांनी माझ्यावर रागावू नये. त्यांच्या मेहनतीवर त्यांचा संसार उभा आहे, आणि पुरवठादार बिनलेबलचा माल जास्त नफ्याने देतो हेही मला माहीत आहे. पण ते मलम दिवसभर दहा जणींना उघड्या हाताने चोळायचे म्हणजे सर्वांत आधी कुणाच्या अंगात जाणार? घेणाऱ्या बाईच्या आधी तुमच्या. शिवाय गाव लहान आहे. उद्या एखादीचे पाय सुजले तर पुरवठादार सापडणार नाही, नाव तुमचेच घेतले जाईल. तेव्हा बिल देणाऱ्याकडूनच माल घ्यावा आणि गिऱ्हाइकाला खोका दाखवूनच उघडावा. असे करणाऱ्या पार्लरकडे आपण सगळ्या जणी चार पैसे जास्त देऊन जाऊ, एवढे वचन मंडळाने त्यांना द्यायला हवे. नुसता उपदेश करून कुणाची चूल पेटत नाही.

शेवटी दोन सूचना मांडते, त्यावर सभेने विचार करावा.

पहिली अशी, की संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत आपली हळदीकुंकवे चालतात. वाण म्हणून स्वस्तातल्या लिपस्टिका, क्रीमच्या डब्या, सुट्या कुंकवाच्या पुड्या डझनावारी आणून लुटल्या जातात. देणारीला पुण्य मिळावे म्हणून आपण देतो, आणि घेणारीला काय मिळते ते आपण पाहिलेले नसते. पुढच्या संक्रांतीपासून मंडळाच्या हळदीकुंकवात नाव-पत्ता नसलेली कोणतीही अंगाला लावायची वस्तू वाण म्हणून देऊ नये. त्याऐवजी वाटी द्यावी, रुमाल द्यावा, भाजीचे बी द्यावे.

दुसरी सूचना अशी, की ज्यांच्या घरी अशी बिननावाची डबी असेल त्यांनी ती लावणे आजच थांबवावे. ती दुसरीला देऊ नये, मोरीत ओतू नये, चुलीत टाकू नये. पाऱ्याची वाफ श्वासातून जाते. घट्ट पिशवीत बांधून कार्यवाह बाईंकडे आणून द्यावी. सगळ्या एकत्र करून अन्न व औषध प्रशासनाच्या नगरच्या कार्यालयात तक्रारीच्या अर्जासह नेता येतील. एकटीचा अर्ज टेबलावर पडून राहतो, पन्नास सह्यांचा अर्ज उचलावा लागतो. आणि ज्या भगिनींनी असे मलम काही महिने लावले आहे, त्यांनी लाज न बाळगता लघवीची तपासणी करून घ्यावी. ती साधी तपासणी आहे, दुखत नाही. डॉक्टरांना मलमाचे नाव सांगावे. नाव नसेल तर डबीच दाखवावी. डबी दाखवली तर त्यांचाही अर्धा शोध वाचतो.

मी फार वेळ घेतला. माझे ऐकून कुणी उद्यापासून काजळ-कुंकू सोडावे असे मला वाटत नाही. पुढच्या वर्धापनदिनाला आपण सगळ्या अशाच नटून यावे, आणि कुणाच्या पायावर सूज नसावी, इतकीच इच्छा आहे.